पोस्टाने मारलेली आत्या

माझी सोनुआत्या एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी मी तिला एकदा मारलं होतं, पोस्टाने.

आता यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कळलेलं नाही. पण आमच्याकडे कुठलंही कार्य असो, पंगत उठायच्या आत कोणीतरी हा विषय काढणारच, आणि मग ताटावरची माणसं माझ्याकडे बघून खिदळणार. (त्यात माझी सख्खी बायको पहिली.) म्हणून खरं काय झालं ते एकदा लिहूनच ठेवतो. दोष माझ्या एकट्याचा होता का, ते तुम्हीच ठरवा.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तशी ती एक ट्रंक आणि एक बाजाची पेटी घेऊन नांदुऱ्याला आमच्याकडे आली. अशा बाईने कोपऱ्यात बसून वाती वळाव्यात, असा तो काळ. हिने कापसाला हात लावला नाही. मळ्यात जाऊन विहिरीच्या काठावर बसायची आणि ताना घ्यायची. पूर्णेला पाणी आलं की पोहायला जायची. पुढे पन्नाशीत सायकल शिकली, पंचाहत्तरीत लोणारच्या तळ्याला पायी वळसा घातला. गाडीत बसायचा तिला मनस्वी कंटाळा. "बैल चालते, त मले काय पाय नाही?" म्हणायची.

त्या साली जळगाव जामोदच्या गणपतीत तिचं गाणं ठरलं होतं. ठरलं म्हणजे सुखासुखी नव्हे! मांडव देशमुखांचा आणि देशमुख तिचे चुलत दीर. आपल्या घरची बाई चारचौघांत गाणार, या कल्पनेला ते सहा वर्षं नाही म्हणत होते. सातव्या वर्षी कसेबसे हो म्हणाले. शनिवारी दुपारी, फक्त दोन तास. त्या दोन तासांसाठी आत्याने वर्षभर गळा झिजवला. तिला आयुष्यात दुसरं काही मागायचंच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, ती विहिरीवर गात असताना तिच्या डोक्यावर कावळा बसला.

आत्या म्हणाली, "कावळ्याले सूर समजला. तुमच्यापरीस बरा." आणि पुढची तान घेतली. पण आईने ते पाहिलं होतं. ती धापा टाकत माझ्याकडे आली.

"बाबू, सोनुबाईच्या डोक्शावर कावळा बसला."

"मंग?"

"मंग काय? मरण हाये ते. आता सोयऱ्यायले खोटी खबर धाडा लागते, का सोनुबाई गेल्या म्हणून. ते रडले का मरण टळते. दोन दिसानं खरं सांगून द्याचं."

"अन् आत्याले?"

"तिले नको सांगू. ती हासन, अन् मंग गुण नाही येत."

मी तेव्हा मलकापूरच्या तहसिलीत उमेदवार कारकून होतो. (कापूस आमच्या वऱ्हाडाचा, हुकूम नागपूरचा आणि लिहून लिहून बोटं मोडायची आमची!) त्यामुळे असल्या खुळचट गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण आईपुढे तहसीलदाराचंही चाललं नसतं. तिने आठ सोयऱ्यांची नावं सांगितली, त्यात देशमुखही आले.

आत्या मंगळवारी निघाली. जळगावला जायचं, तर ही बाई आधी भिंगाऱ्याच्या डोंगरात! कारण काय, तर तिथे आवाज टाकला की जसाच्या तसा परत येतो. "माणसं तोंडावर गोड बोलते, बाबू. पहाड खरं सांगते," म्हणाली. शनिवारी ती डोंगरातून परस्पर जळगावला उतरणार होती आणि मी गाडीतून पेटी घेऊन यायचं होतं.

ती गेली आणि मी कार्डं लिहायला बसलो. आता ऐका, इथे माझी हुशारी नडली. एकसारखी कामं एका बैठकीत उरकावीत, हे कचेरीत शिकवलेलं. मी आठ कार्डं मरणाची लिहिली, लगेच आठ खुशालीचीही लिहिली: 'कावळा बसल्यामुळे खोटे कळविले होते, आत्या ठणठणीत आहे.' मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडायचा, ही रीत. म्हणजे घेणाऱ्याला लांबूनच कळतं, तो कार्ड उंबऱ्याबाहेर वाचतो, तिथेच फाडतो आणि डोक्यावरून पाणी घेतो. मी सोळा कार्डांचा गठ्ठा केला, वर पट्टी धरली आणि एका झटक्यात सगळ्यांचे कोपरे उडवले. काम इतकं सुबक झालं होतं की मी ते आईला दाखवलं. ती पण शाबास म्हणाली. (तिला वाचता येत नव्हतं. पण कोपरे तर दिसत होते ना? तिचं नाव मात्र कोणी घेत नाही!) आठ त्याच दिवशी टाकली, आठ गुरुवारी.

शनिवारी दुपारी पेटी घेऊन जळगावला पोचलो. मांडव भरलेला, पण ढोलकी नाही, तबला नाही. देशमुख ओल्या डोक्याने पुढे आले आणि त्यांनी मला कवटाळलं.

"फार वाईट झालं, बाबू."

"पण दुसरं कार्ड नाही आलं का?" मी विचारलं.

"आलं ना, आज सकाळीच. त्याचाही कोपरा फाटेल होता. एकाच मरणाचं कार्ड दोन डाव कोण वाचते? फाडून टाकलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं तर त्याच क्षणी सांगून टाकायचं. पण अर्धं गाव आंघोळ करून बसलेलं, आणि त्यांच्यापुढे सरकारी कचेरीतल्या माणसाने कावळ्याची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची? मी विचार करतोय तोवर देशमुखांनी पेटी माझ्या हातातून घेतली, आत्यासाठी मांडलेल्या चौरंगावर ठेवली आणि तिला झेंडूचा हार घातला.

मग ते बोलायला उभे राहिले. "वहिनीसारखा गळा वऱ्हाडात नाही. सहा वर्षं मी तिले गाऊ देलं नाही, हे माह्यं पाप. आज ती असती, त दोन तास नाही, दिवसभर गा म्हटलं असतं." बाया पदराला डोळे पुसायला लागल्या.

"बाबू, तू तिच्या घरचा. तू बोल दोन शब्द."

मी उभा राहिलो. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. शेवटी म्हणालो, "सोनुआत्या... बरी गायची."

"बरी?"

आवाज बायांच्या बाजूने आला होता. सगळ्यात मागे सोनुआत्या उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, हातात काठी, केसांत पाला. ती नुकतीच येऊन बसली होती, आणि देशमुखांचं शेवटचं वाक्य तेवढं तिच्या कानावर पडलं होतं. कोणी मोठी गाणारी बाई गेलेली दिसते, असं समजून तिनेही डोळे पुसले होते. एवढ्या मोठ्या गळ्याच्या बाईनंतर आपलं गाणं काय रंगणार, या काळजीत ती होती म्हणे. माझं वाक्य ऐकलं आणि तिला कळलं, गेलेली बाई कोण ते.

दोघी जणी किंचाळल्या. देशमुखांनी मांडवाचा खांब धरला. मी कावळ्यापासून कोपऱ्यांपर्यंत सगळं ओकून टाकलं.

"सोळाच्या सोळा फाडले?" आत्याने विचारलं.

"हाव."

"सरकारचं कसं होईन, बाप्पा."

देशमुखांनी खांब सोडला. "वहिनी, तुमी हायेत, देवाची कृपा. पण आंघोळी झाल्या, घरात सुतक धरलं. सुतकात गाणं कसं करता?"

आत्याचा चेहरा एकदम उतरला. मला तेव्हा माझाच राग आला. सात वर्षांनी मिळालेलं गाणं मी एका पट्टीने उडवलं होतं. तिने काठी खाली ठेवली.

"सुतक कोणाचं हाये, भावजी?"

"तुमचं."

"मंग माह्यं सुतक मी सोडलं."

ती चौरंगापाशी गेली, पेटीवरचा हार काढून बाजूला ठेवला आणि बसली. "अन् दोन तासाचं बोलू नका आता. दिवसभर गा म्हणाले तुमी. साऱ्या मांडवानं आयकलं."

देशमुखांनी हात जोडले. पण पेटी वाजवणाऱ्याला त्यांनी सकाळीच परत पाठवलं होतं, आणि गाताना आत्या स्वतः पेटीला हात लावत नसे. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "बाबू, बस."

मला पेटी येते, म्हणजे एक सूर दाबून भाता हलवता येतो. मी तो एक सूर धरून बसलो. आत्या मात्र जी गायली, ती दिवे लागेपर्यंत गायली. वर्षभराचं सगळं तिने त्या मांडवात ओतलं, आणि खोटं रडलेल्या माणसांना खरं रडवलं. मलाही रडू आलं, आणि त्या नादात माझा एक सूर होता तोही सुटला.

गाणं संपल्यावर देशमुख डोळे पुसत आले आणि आत्याच्या पायाशी नारळ ठेवला.

"वहिनी, तुमच्यात जीव हाये, हे साऱ्या गावानं पाह्यलं," ते म्हणाले. "आता जरा या पेटीवाल्याची नाडी पाहा."