कानवाल्या ताईंची नवी डिस्क

ऐकू कमी येणारं माणूस रस्त्यात पत्ता विचारी आणि उत्तर साहजिकच ओरडून मिळे, "औषधाच्या दुकानावर! जिना चढून!" वर कानवाल्या ताईंच्या दोन खोल्या होत्या. पहिलीत बसायला बाकं, दुसरीत भिंतींना जाड फोम लावलेली तपासणीची जागा, आणि दाराजवळच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर.

ताई कानाची यंत्रं बसवून देत. कुणाला कुठला आवाज किती मोठा हवा, हे यंत्राला कॉम्प्युटरवरून सांगावं लागतं. नव्या यंत्रांसाठी लॅपटॉप होता, पण जुन्या यंत्रांची कंपनीच बंद पडलेली. त्यांचा प्रोग्रॅम उरला होता तो फक्त या जुन्या खोक्यात, आणि त्याची सीडी घर बदलताना कुठे गडप झाली, देव जाणे. यंत्रं मात्र ठणठणीत होती आणि लोक ती सोडायला तयार नव्हते. बेकरीवाल्याच्या आईने नवं यंत्र चार दिवस लावून परत आणलं. "सगळे पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात गं," म्हणाली, "माझं मला दे."

आणि एका सकाळी त्या खोक्यातून टकटक सुरू झाली. हळूहळू कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागला, की बाकावरची माणसं डुलक्या काढायची. दुरुस्तीवाला पाहून गेला. "डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. नवा कॉम्प्युटर घ्या."

"आणि आतला प्रोग्रॅम?"

त्याने नुसतेच खांदे उडवले.

"महाराणीला सांगून बघ की," ताईंचा नवरा म्हणाला.

महाराणी म्हणजे ताईंची धाकटी नणंद. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा ती कॉलेजात होती. हाक मारली की कधी ओ द्यायची, कधी ढिम्म हलायची नाही. शिष्ट आहे, असं घरादाराने ठरवून टाकलं होतं. नाव त्यातूनच पडलं. ताई तेव्हा कानाच्या दवाखान्यात नोकरीला होत्या. डाव्या बाजूने बोललं की पोरगी हसून उत्तर देते आणि उजवीकडून बोललं की नाही, हे त्यांच्या पहिल्या महिन्यातच लक्षात आलं. तपासणीला चल म्हटल्यावर ती जाम भडकली, कितीतरी दिवस अबोला धरला. शेवटी आली. तिचं पहिलं यंत्र ताईंनीच बसवलं. आता ती एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळत होती.

रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन हजर झाली. पिशवीत एक केबल, पेन ड्राइव्ह आणि बिस्किटाएवढी चपटी नवी डिस्क.

"एवढुशी?" ताईंनी विचारलं.

"हिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून टकटकही नाही. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं हिच्यावर उतरवायचं. विंडोज, प्रोग्रॅम, सगळं. म्हणजे नव्याने काही टाकायलाच नको."

कॉपी सुरू झाली, निम्म्यावर आली आणि थांबली. जुनी डिस्क तव्यासारखी तापली होती. महाराणीने टेबलफॅन तिच्यासमोर आणून ठेवला. "खराब जागा आधी सोडून देऊ. चांगलं आहे ते पदरात पाडून घेऊ, मग त्यांच्याकडे वळू." दोघी पंख्यापुढे बसून राहिल्या, तापातल्या पोराजवळ बसावं तशा. दुपारी नवरा पोळीभाजीचा डबा घेऊन आला आणि तो बाकावर ठेवून परत गेला.

कॉपी पुरी झाली. नवी डिस्क बसवली, बटण दाबलं. काळा पडदा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बस्स.

ताई केबल गुंडाळू लागल्या. "जाऊ दे गं. तू जिवाचं रान केलंस. नशिबातच नव्हतं."

"नशीब कसलं, वहिनी! मीच वेंधळी." महाराणी परत केबल जोडू लागली. "विंडोज सुरू करून देणारा एक छोटा तुकडा वेगळा असतो. तो घ्यायचा राहिला."

आणि मान वर न करता ती म्हणाली, "मी तुझ्याशी बोलत नव्हते, तेव्हा तू रोज माझ्या डाव्या बाजूला येऊन, 'जेवलीस का?' विचारायचीस. घरात तेवढं एकच वाक्य मला पहिल्या फटक्यात ऐकू यायचं. मी ते विसरलेले नाही."

ताईंनी पंखा उगाचच थोडा पुढे सरकवला.

या खेपेला पडदा निळा झाला. ओळखीची चित्रं भराभर उमटली. ताईंनी भीत भीत प्रोग्रॅम उघडला. बेकरीवाल्याच्या आईच्या कानांचा आलेख आधी होता तसाच समोर आला. त्यांनी नणंदेला घट्ट मिठी मारली आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

"अगं, कान दाबला गेलाय, यंत्र शिट्टी मारतंय, सोड!" महाराणी हसत ओरडली.

जाण्याआधी तिने आणखी एक कॉपी करून स्वतःच्या पिशवीत टाकली. "ही माझ्या कपाटात राहील. परत काही झालं तर घाबरायचं नाही, सरळ फोन करायचा."

ताई तिला खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेल्या. ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी त्या औषधाच्या दुकानापाशी उभ्याच होत्या. दुकानदाराने विचारलं, "काय ताई, कुणाची वाट बघताय?"

"छे हो," ताई म्हणाल्या, "आमची नणंद आली होती."