सिस्टर रेमिजियाची एकच भेट

मंदीच्या वर्षांत अमेरिकेतल्या बफेलो शहरात, पोलिश वस्तीतल्या शाळेत सिस्टर रेमिजिया पहिलीचा वर्ग सांभाळायची. एका बाकावर तिघं-तिघं पोरं. तिचं माहेर ट्रामच्या त्या टोकाला, पण मठात आल्यापासून तिनं त्या घराचा उंबरठा पाहिला नव्हता. मठाचा नियमच तसा. आईसाठी म्हणून घरी एकदाच जायचं, एक तर शेवटच्या दुखण्यात, नाहीतर मातीला. दोन्ही नाही.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत भाऊ लुडविक आला आणि मठाच्या बैठकीत टोपी चुरगाळत बसला.

"आईला न्यूमोनिया झालाय. फादर मरणाआधीचं शेवटचं तेल लावून गेले. आता तू ठरव."

तिनं फार विचार केला नाही. मातीला गेलं तर ती आईला बघणार, आई तिला कुठे बघणार? सिस्टरांनी एकटीनं बाहेर पडायचं नसतं, म्हणून सिस्टर एमेराना सोबत आली आणि खाटेपाशी जपमाळ घेऊन बसली.

आईनं डोळे उघडले आणि मठाआधीच्या, घरच्या नावानं हाक मारली. "अगंबाई, स्टेफ्का! तू आलीस म्हणजे माझं काही खरं नाही."

"गप गं आई. सूप घे."

"तूही घे घोटभर."

"बाहेर खायचं नसतं आम्ही."

"आईचं घर बाहेर? धन्य तुमची!"

सिस्टर एमेरानाला हसू आवरेना. रेमिजिया चमच्यानं भरवत राहिली.

आणि आई बरी झाली! ईस्टरला तर उठून मुळा किसत होती. रेमिजियानं देवाचे आभार मानले, पण मनात कुठेतरी टोचलंच. तिनं ते पापकबुलीतही सांगितलं. तिकडे आई ओशाळून गेली होती. "पोरीची एकुलती एक भेट मी फुकट घालवली," असं येईल त्याला सांगायची.

पुढच्या वर्षी पानगळीत, कपडे पिळता पिळता ती गेली.

मठाच्या मदरनं रेमिजियाला बोलावलं. "सिस्टर, तुमची भेट झालेली आहे." आवाज कठोर नव्हता, त्यांनाही वडिलांच्या मातीला जाता आलं नव्हतं.

माती झाली त्या वेळी रेमिजिया फळ्यावर वजाबाकी लिहीत होती. वर्गानं सिस्टरच्या आईसाठी प्रार्थना म्हटली. पुढच्या बाकावरच्या हेलेन्कानं नवलानं विचारलं, "सिस्टर, तुम्हालाही आई असते?"

"असते की. बस खाली."

संध्याकाळी लुडविक आला. भेटायला कुणी आलं की दुसऱ्या सिस्टरनं हजर राहायचंच असतं, म्हणून सिस्टर एमेराना दाराशी जप करत बसली.

"कशी दिसत होती रे?" रेमिजियानं विचारलं.

"कुणीच नाही पाहिलं. पेटी बंदच ठेवली."

"बंद? आपल्यात? आपल्यात तर सगळ्यांना तोंड दाखवतात."

"तिनंच बजावून ठेवलं होतं. स्टेफ्काला जे तोंड बघायला मिळणार नाही, ते गावाला कशाला दाखवायचं, म्हणाली. शेजारणी काय काय बोलल्या! मावशी तर पेटी उघडा म्हणून रडत होती."

"मग?"

"मग काय. नाही उघडली."

रेमिजिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टर एमेरानाचा जप थांबला होता. ती उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. हेही नियमात बसत नव्हतं.