दूध उतू गेलेलं घर

घर बघायला येतो म्हणून कुणाचा फोन आला की माझ्या अंगात वारं शिरतं. अजूनही. जेवत असलो तर ताट तसंच राहतं, आणि कुठली चप्पल कुठल्या पायात गेली ते फाटकाशी पोचल्यावर कळतं. बायको म्हणते, "गिऱ्हाईक येऊन राहिलंय का नवरदेव?" म्हणू द्या. आपण बांधलेलं घर दुसऱ्याला पसंत पडतं तेव्हा काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दहा वर्षं मी सेनगाव-हिंगोली रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी तिघं कोंबलेले असायचे आणि त्यांतला एक तरी रोज तेच बोलायचा: लेकरांच्या शाळेसाठी हिंगोलीत घर बघायचंय, दोन खोल्या असल्या तरी चालतील. ऐकून ऐकून एक दिवस डोक्यात उजेड पडला. जीप विकली, गावाकडची अर्धा एकर विकली आणि हिंगोलीच्या कडेला एक प्लॉट घेऊन बांधायला काढलं. बांधायचं, विकायचं, त्यातून पुढचं बांधायचं. एका वेळी एकच घर. मला कुणी बिल्डर म्हटलं की हसू येतं. बिल्डरचं ऑफिस असतं, माझं सगळं ऑफिस मोटरसायकलच्या हँडलला लटकवलेल्या पिशवीत होतं.

बांधणं सोपं असतं हो. विकणं! पहिल्या घरात संडासाची भिंत देवघराला लागून आली. नकाशा काढणाऱ्याला दिसलं नाही, गवंड्याला दिसलं नाही, मला दिसलं नाही. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या बायकोला उंबऱ्यातून दिसलं. पाडली भिंत, नेला संडास मागं. दुसऱ्या घराचं दार दक्षिणेला. चार महिने लोक आले, चहा प्याले, मोबाइलमधलं होकायंत्र फिरवून फिरवून बघितलं आणि "कळवतो" म्हणून गेले. कळवतो म्हणजे न्हाई, हे मला तिथं कळलं. शेवटी पूर्वेची खिडकी फोडून दार केलं आणि पंधरा दिवसांत घर गेलं! मी भर रस्त्यात गवंड्याला मिठी मारली. त्याचं सिमेंट माझ्या शर्टाला लागलेलं बघून बायको म्हणाली, "मला मारली का कधी अशी?"

तिचं बराबर होतं. लग्नाला चौदा वर्षं झालेली, आणि घरं बांधून विकणाऱ्याची बायको भाड्याच्या खोल्यांत. पाच खोल्या बदलल्या आम्ही. प्रत्येक ठिकाणी खिळा ठोकायचा तरी मालकिणीला विचारावं लागायचं. तिसरं घर काढलं तेव्हा तिनं मला बांधकामावरच गाठलं आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडं बोट केलं. त्यात एक कडूलिंबाचं झाड होतं.

"हे विकलं की तो घ्यायचा. आन् त्याच्यावर आपलं बांधायचं. विकायचं न्हाई, राहायचं."

मी तिथल्या तिथं हो म्हटलं. प्लॉट एका रिटायर मास्तरांचा होता. मास्तर भले माणूस, पण हिशेबी. म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबतो. पाडव्याला मी दुसऱ्याला शब्द देणार." म्हणजे तिसरं घर पाडव्याच्या आत विकलं गेलं तर बायकोला घर, नाही तर सहावी भाड्याची खोली. इतकं सरळ होतं.

तिसऱ्या घरात मी एक चूक ठेवली नाही. दार पूर्वेला. संडास देवघरापासून कोसभर लांब. बोअरला पाणी लागलं तेव्हा मी त्या फवाऱ्याखाली कपड्यांसकट नाचलो, गल्लीतली लेकरं टाळ्या वाजवत होती. तरीसुद्धा गिऱ्हाइकं येत आणि जात राहिली. एकाला बँकेचं कर्ज पाहिजे होतं, बँकेला एक जुना फेरफार पाहिजे होता, आणि फेरफारवाला साहेब ट्रेनिंगला. एकाला घर पसंत, त्याच्या मेव्हण्याला नापसंत. एक जण तीनदा जिना मोजून गेला, पायऱ्या विषम आहेत का ते बघायला. होत्या विषम! मी काय नवखा राहिलो होतो का?

पाडवा बारा दिवसांवर आला आणि कुरुंद्याहून फोन आला. हळदीचा शेतकरी, दोन लेकरं हिंगोलीच्या शाळेत घालायची होती. रविवारी पिकअप भरून आले. मी मोजली, चौदा माणसं. सगळ्यांच्या पुढं त्या शेतकऱ्याची आई. ठेंगणी, नाकात नथीचं भोक पण नथ नाही, चप्पल फाटकातच काढलेली. मी ओळखलं, घर घेणार ती ही. बाकीचे तेरा नुसते आलेत.

म्हातारीनं भिंतींवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. बोअरचं पाणी ओंजळीनं प्याली, तोंडात घोळवलं, गिळलं. "गोड हाये," म्हणाली. माझं काळीज सुपाएवढं झालं. लेकानं विचारलं, "भाव येईस्तोवर हळदीची पोती कुठं ठेवावं?" मी त्याला जिन्याखालची कोरडी खोली दाखवली. "ट्रॅक्टर आत येतो का?" येतो! फाटक मी मुद्दाम बारा फुटी केलं होतं. तो हसला. बैठकीत पोरं लोळायला लागली, एका सुनेनं कपाट कुठं बसेल ते हातानं मापून पाहिलं. कपाट मापलं की घर गेलं समजायचं. लेकानं पिशवीतून नारळ काढला. मी मनातल्या मनात मास्तरांच्या दारात पोचलोसुद्धा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून म्हातारीचा आवाज आला. "हे कुंकू कुणाचं?"

मी धावलो. ओट्याच्या वरची पांढरी फरशी, आणि दोन फरश्यांच्या सांध्यात पुसट गुलाबी स्वस्तिक. पुसलेलं, पण सांध्यात मुरलेलं. म्हातारी ओट्यावर वाकली, कोपऱ्यातून हळद लागलेले दोन तांदूळ उचलले आणि माझ्यापुढं धरले.

"ह्या ओट्यावर दूध उतू घातलं कुणी तरी."

नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं ते घरच्या बाईनं, आपलं म्हणून. ते एकदाच. "न्हाई हो माय, मिस्त्रीनं ओट्याची पूजा केली असंल," मी ठोकून दिलं. मिस्त्री मुसलमान होता, हे तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं.

"मी घातलं."

दारात बायको उभी. चहाचा ट्रे हातात. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला आणि म्हातारीकडंच बघून बोलली. "ओटा बसला त्या दिवशी. हे बाजारात गेलते. पाच घरं बदलले माय, एकबी ओटा माझा न्हाई. म्हटलं, एक डाव. पावशेरच दूध होतं. मंग पुसून घेतलं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की कानशिलं गरम झाली. संडासाची भिंत पाडली, खिडकी फोडली, विषम पायऱ्या मोजून बांधल्या, आणि माझ्याच बायकोनं पावशेर दुधात सगळं बुडवलं! चौदाच्या चौदा माणसं बाहेर गेली. लिंबाखाली त्यांचं बोलणं चाललं. लेकानं नारळ परत पिशवीत टाकलेला मी खिडकीतून बघितला. बायको सांध्यातलं कुंकू ओल्या फडक्यानं घासत होती, ते निघत नव्हतं. मी खिडकीशीच उभा राहिलो. ती रडत होती, तेवढं दिसत होतं.

अर्ध्या तासानं म्हातारी एकटी आत आली. फडकं तिच्या हातातून घेऊन बाजूला टाकलं.

"पुसू नको. चूल तुझी झाली. मी तुला हाकलून इथं आले तर मला तरी लाभंल का?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अन् तुमी, धड खोटंबी बोलता येईना, धंदा कसा करता?"

म्हातारी पुढं बोलली, "लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतेत. हिची ओटी भरून हिला इथून काढावं लागंल, रिकामी न्हाई. मंग मी माझं दूध घालीन."

त्याच दुपारी कुरुंद्याच्या सुना दुकानात जाऊन खण आणि तांदूळ घेऊन आल्या. हळकुंडं पिकअपमध्येच होती, घरच्या हळदीची. नारळ पिशवीतून पुन्हा बाहेर आला. विकत घेणाऱ्यांनी विकणाऱ्याच्या बायकोची ओटी भरली, असं मी ना आधी कधी पाहिलं ना नंतर. भरल्या ओटीनं बायको उंबरा उतरली, मागं बघितलं नाही. मी मात्र लिंबाखाली उभं राहून लेकरासारखा ओरडलो, "झालं! झालं!" कुणाला सांगत होतो देव जाणे. नोंदणीच्या ऑफिसात दोन दिवस सर्व्हर बंद, तिसऱ्या दिवशी म्हातारीचा अंगठा मशीन धरेना, हळदीनं रेषाच झिजलेल्या. खोबरेल लावून, पुसून, नवव्यांदा लागला तेव्हा आख्ख्या ऑफिसानं टाळ्या वाजवल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मास्तरांच्या हातात पेढे ठेवले.

आमचं घर गेल्या महिन्यात झालं. लिंब तसाच ठेवला. पाहुणे जमले, शेजारून म्हातारी तिच्या अख्ख्या खटल्यासकट आली. बायकोनं नव्या ओट्यावर स्वस्तिक काढलं, दुधाचं पातेलं ठेवलं, आणि काडी हातात धरून थांबली.

"कळमनुरीचा दुकानदार आलता परवा, तुमी न्हवते तवा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "म्हणे, ह्या घराचं साहेब बघू म्हणालेत. काय बघू?"

खरं होतं. दुकानदार भाव असा बोलला होता की माझ्या अंगात वारं शिरलं होतं. बघू, एवढंच म्हणालो होतो, पण माझा बघू तिला माहीत होता. म्हातारी माझ्याकडं बघत होती. मी फोन काढला, लावला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"बोला साहेब! अजून वाढवू का?" दुकानदार म्हणाला.

"नका वाढवू. हे घर विकायचं न्हाई."

"काहून?"

आयुष्यभर गिऱ्हाइकाला पटवायला शब्द कमी पडले नाहीत, तिथं मला एकच वाक्य सुचलं. "बायकोनं दूध ठेवलंय."

"मंग राहू द्या," तो म्हणाला.

बायकोनं काडी ओढली.