बारशात मीच चालत नव्हते!

रविवारी नाहूरला दादाच्या मुलीचं बारसं होतं, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मी तिची एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, त्यामुळे मी आठवडाभर हवेत होते... नवी साडी, मेंदी, सगळं.

हॉलमध्ये पाय ठेवते न ठेवते तोच दादाने मला बाजूला घेतलं. "हे बघ, चिडू नकोस. नाव सुलूआत्या सांगेल. तू जरा लांबच उभी राहा ना." सुलूआत्या म्हणजे बाबांची बहीण. मला वाटलं मस्करी करतोय... पण नाही, प्रकरण माझ्या फोटोंचं होतं.

त्याचं असं झालं. मी पीएचडी करते, कोंबड्यांच्या राणीखेत रोगावर. गावाकडे त्याला मानमोडी म्हणतात. हा विषाणू पेशीत शिरला तरी वाढतो केंद्रकाच्या, म्हणजे पेशीच्या गाभ्याच्या, बाहेरच. पण त्याचं एक प्रोटीन मात्र सुरुवातीलाच केंद्रकात घुसतं आणि पेशीच्या स्वतःच्या कामात खोडा घालतं.

ते आत जातं कसं, हे मी शोधतेय. त्या प्रोटीनमध्ये एक छोटासा तुकडा असतो, गेटवर पास दाखवावा तसा. तो बदलला की प्रोटीन बाहेरच अडकतं. परवा हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं... एका फोटोत केंद्रकं हिरवीगार चमकतायत, दुसऱ्यात काळी ठिक्कर. अक्षरशः नाचले मी!

आणि तिथेच माती खाल्ली. फोटो दोन्ही घरांच्या फॅमिली ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'कोंबडीच्या विषाणूचं प्रोटीन पेशीत घुसताना, बघा माझी कमाल!'

वहिनीच्या मामांनी लगेच बर्ड फ्लूचा एक फॉरवर्ड टाकला, त्याखाली 'बाळाला जपा'. झालं... वाट लागली. आपसात फोनाफोनी झाली, निर्णय झाला, आणि मला एकानेही काही विचारलं नाही. सख्ख्या भावानेही नाही!

अरे, माझ्या डिशमध्ये विषाणू नसतोच! फक्त त्या एका प्रोटीनचा जीन असतो, दिसावा म्हणून हिरवं चमकणारं शेपूट लावलेला. त्याने कोणाला काय लागण होणार, कपाळ?

हे मी दादाला समजावत होते, तेवढ्यात तेच मामा आले. दोन्ही हातांत चिकनच्या पिशव्या, रात्रीच्या कोंबडी-वड्यांसाठी. पिशव्या गळतायत... आणि हे गृहस्थ त्या कोपऱ्यात ठेवून थेट पाळण्याकडे निघाले. हात धुणं वगैरे काही नाही, आणि त्यांना अडवणारंही कोणी नाही.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत ओरडले, "खरी कोंबडी चालते आणि मी चालत नाही? मामा, आधी हात धुवा!"

आई डोळे वटारतेय. माझ्या डोळ्यांत पाणी... रागाने, आणि खोटं कशाला सांगू, वाईटही खूप वाटत होतं. हा मान हातचा गेला तर तो काही परत मिळणार नव्हता.

तेव्हा वहिनी उठली. इतका वेळ पाळण्याशेजारी गप्प बसली होती बिचारी. तिने बाळाला उचललं आणि सरळ माझ्या हातात दिलं. "नाव ताईच सांगणार. मामा, तुम्ही हात धुऊन या."

मग हळूच मला म्हणाली, "मलाही कोणी विचारलं नव्हतं हो, ताई."

मुक्ता. तिच्या इवल्याशा कानात सांगितलं मी... मुक्ता. आणि मागून पाठीत धपाधप बुक्के सुरू झाले, बारशात घालतात तसे. सुलूआत्या, काकू, मावशी... मला लांब उभं करणाऱ्या सगळ्या तुटून पडल्या. काय जोर एकेकीच्या हातात, बाई गं!

वहिनी, थँक यू. खरंच.

आणि दादा, तू हे वाचतोयस, माहितीये मला. लाइक नको करूस. फोन कर आणि इतक्या वर्षांत एकदा तरी विचार, मी नेमकं काय काम करते... सांगेन की, अगदी पहिल्यापासून सांगेन.