ओकेताईंचं बोट

स्टीलचे पेले बनवणाऱ्या त्या कारखान्यात ‘ओके’ हा शब्द दिवसाला हजार वेळा तरी बोलला जायचा, आणि बहुतेक वेळा त्याला काडीचाही अर्थ नसायचा. फोरमनसाहेब काम सांगून झालं की शेवटी ‘ओके?’ विचारायचे. म्हणजे, आता उलट प्रश्न नकोत. ऐकणारे ‘ओके’ म्हणायचे. म्हणजे, ऐकलं, करायचं की नाही ते बघू. प्रेसवरच्या माणसाला कालचा सिनेमा कसा होता विचारलं तर तो खांदे उडवून ‘ओके होता’ म्हणायचा. म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात गेले, पण ते तोंडाने कबूल करायचं नाही. आणि दोघांचं वाजून एकाने दातओठ खात ‘ओके’ म्हटलं, की पुढचा आठवडाभर त्यांचा अबोला ठरलेला.

या सगळ्या गलक्यात एकच बाई अशी होती की जी हा शब्द तोलूनमापून वापरायची. म्हणूनच तिचं नाव पडलं ओकेताई. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं.

ओकेताईंचं काम ऐकायला सोपं. पत्र्याचा पेला तयार झाला की त्याची कड मशीनवर घासतात. तरी कधीकधी कडेला केसाएवढा काटा राहून जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी प्यायला पेला तोंडाला लावला की ओठ कापतो. तो काटा शोधायचा. खिडकीपाशी टेबल, डाव्या हातात पेला, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची कडेवरून एक पूर्ण फेरी. काही लागलं तर तांबड्या खडूची रेघ मारून पेला परत घासायला. नाही लागलं तर क्रेटमध्ये. क्रेट भरला की त्यात आपल्या नंबराची चिठ्ठी टाकायची, तो शेजारी पॅकिंगच्या टेबलाकडे सरकवायचा आणि म्हणायचं, “ओके.” असे दिवसाला हजार-बाराशे पेले, एकतीस वर्षं.

त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा एकच अर्थ होता. मी स्वतः बोट फिरवलंय, आता काही झालं तर मला विचारा.

घरात तर त्या हा शब्द उच्चारायच्याच नाहीत. नवरा टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे त्यांचा कुठलाही फोन ‘ओके, ओके, ओके, ठेवतो, ओके’ असा पाच-सहा ओके खाल्ल्याशिवाय संपायचा नाही. ताई मात्र ‘बरं’ म्हणायच्या, ‘चालेल’ म्हणायच्या, फारच खूश असल्या तर ‘छान’. मुलीने लग्नाआधी मुलाला घरी आणलं आणि तो गेल्यावर ओके आहे ना म्हणून विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या की चांगला वाटतो, पण तासाभरात मी कुठे काय तपासलंय? मुलगी त्यावर दोन दिवस फुगून बसली होती. आता जावयालाच ती गोष्ट रंगवून सांगते.

एवढा काटेकोरपणा ताई काही आईच्या पोटातून घेऊन आल्या नव्हत्या. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दारात ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खातोय, आणि एक क्रेट उरलेला. ताईंनी वरवरचे चार पेले पाहिले, बाकीच्यांना बोटही लावलं नाही, आणि ‘ओके’ म्हणून सोडून दिला. नेमका तोच क्रेट ट्रकमध्ये न चढता मागे राहिला. महिन्याभराने मालकांनी कामगारांना सहा-सहा पेले भेट दिले, ते त्यातले. सासूबाईंनी नव्या पेल्याच्या कौतुकाने पाणी प्यायला घेतलं आणि एका घोटात पेला खाली ठेवला. ओठाला बोट लावून पाहिलं तर रक्ताचा ठिपका. सासूबाई एरवी भांडणाच्या मोठ्या हौशी, मिठाच्या खड्यावरून घर डोक्यावर घेणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही.

“हा तू बघितला होतास?”

“नाही, आई. घाई होती.”

“मग ओके कशाला म्हणालीस? नाही बघितला, म्हणायचं.”

बास, एवढंच. पण तो पेला त्यांनी टाकू दिला नाही. स्वयंपाकघरात सूनबाईच्या बरोबर डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवला, आणि कुणालाही त्यातून पाणी पिऊ दिलं नाही. सासूबाई गेल्यावर तो वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे गेला. टाकायचा धीर मात्र ताईंना कधी झाला नाही.

निवृत्तीला अकरा महिने उरले होते तेव्हा एका दुकानातून तीन पेले परत आले. सोबतची चिठ्ठी ओकेताईंच्या नंबराची. फोरमनसाहेबांनी ते टेबलावर ठेवले आणि हसत सांगितलं की हजारात तीन म्हणजे काहीच नाही, मनाला लावून घेऊ नका. ते गेल्यावर ताईंनी बोट फिरवलं. कड गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. दुसरा, तिसरा, सगळे गुळगुळीत. दुकानदाराने उगाच खुसपट काढलं असं म्हणून त्या पेले बाजूला ठेवणार, तेवढ्यात पॅकिंगवालीने त्यातला एक सहज उचलला. बारा वर्षं ती शेजारच्या टेबलाशी होती, ताईंचं बघून तिलाही बोट फिरवायची सवय लागली होती. तिने बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं.

“लागतंय की, ताई,” ती म्हणाली, आणि ताईंचा चेहरा बघून तिने जीभ चावली. “माझंच बोट नाजूक असेल.”

बारा वर्षं खोकी बांधून त्या बाईच्या हाताला घट्टे पडले होते.

संध्याकाळी घरी आल्या आल्या ताई स्टुलावर चढल्या. डब्यांच्या मागून सासूबाईंचा पेला काढला, धुतला, पुसला. त्यातला काटा कुठे आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तळाजवळ बाजूला असलेल्या कारखान्याच्या छापाच्या बरोब्बर वर. तिथे बोट ठेवलं. काही नाही. दाबून फिरवलं. काही नाही. मग त्यांनी पेला ओठाला लावला, आणि काटा लागला, तीस वर्षांपूर्वी असेल तसाच.

त्या स्टुलावरच बसल्या आणि रडल्या. बोटाचं दुःख होतंच, लाखो कडा फिरून त्याची जाण झिजली त्याला कोण काय करणार. पण हे कधीपासून? किती क्रेट गेले? किती घरांत कुणी पाणी पिता पिता पेला खाली ठेवला असेल आणि ओठ चाचपला असेल? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस मनाने चांगला, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी लगेच तोड काढली. कडेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, काटा असला की तंतू अडकतात. अकरा महिन्यांचा तर प्रश्न, आणि कोण बघायला बसलंय? “तोंडातून अवाक्षर काढू नकोस. ओके?”

तोड वाईट नव्हती. पण ताईंनी मनातल्या मनात हिशोब केला. कापसाला बोटाच्या चौपट वेळ लागणार. क्रेट तुंबणार. मग एक दिवस दारात ट्रक उभा राहणार, हॉर्न वाजणार, आणि एक क्रेट उरलेला असणार. तो दिवस त्यांनी एकदा पाहिला होता.

“नाही हो,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोरमनसाहेबांना सगळं सांगितलं. दुकानांत गेलेला माल परत मागवून तपासा, हेही सांगितलं. साहेबांनी डोक्याला हात लावला, पण मागवतो म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी मधला मार्ग सुचवला. ताईंनी आपल्या खुर्चीवरच बसायचं, बोट पॅकिंगवालीने फिरवायचं, चिठ्ठी ताईंच्या नंबराची टाकायची. अकरा महिने कुणाला पत्ता लागणार नाही, आणि खुर्चीचा मानही राहील.

खुर्ची सोडायची म्हणजे पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून खोकी बांधायची. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, जी बाई आपलं बघून काम शिकली तिच्या हाताखाली. ते ताईंना जड गेलं नाही असं कुणी म्हणू नये. मग त्यांनी खिशातून तांबडा खडू काढला आणि आपल्याच बोटाच्या टोकावर रेघ मारली.

“बोट तिचं आणि नंबर माझा, हे नाही जमणार, साहेब. हे बोट पास होत नाही.”

ऊठसूट ‘ओके?’ विचारणाऱ्या साहेबांनी या वेळी तो शब्द न वापरता हजेरीपटावर दोघींची कामं बदलून लिहिली.

सोमवारी दोघींनी टेबलं बदलली. ताईंनी पिशवीतून सासूबाईंचा पेला काढून खिडकीत ठेवला आणि त्याची सगळी कहाणी पॅकिंगवालीला सांगितली. आता तिला पॅकिंगवाली म्हणायचं कारण उरलं नव्हतं, पण नवं नाव अजून पडायचं होतं.

“रोज सकाळी आधी ह्याच्यावर बोट फिरव. छापाच्या बरोबर वर. लागलं, की कामाला बस.”

“आणि नाही लागलं तर?”

“तर ऊठ.”

मग तिने बोट फिरवलं, मान हलवली आणि पहिला क्रेट ओढला. त्याला तिने दुप्पट वेळ लावला. फाटकाशी ट्रकचा हॉर्न दोनदा वाजला, फोरमनसाहेब घड्याळ बघून गेले. ताई रिकामी खोकी मांडत राहिल्या. शेवटी तिने आपल्या नंबराची चिठ्ठी आत टाकली, क्रेट सरकवला आणि म्हणाली, “ओके.”

सवयीने ताईंचा हात सगळ्यांत वरच्या पेल्याकडे गेला. कडेला लागायच्या आत त्यांनी तो मागे घेतला, पेले खोक्यात भरले आणि वरून पट्टी चिकटवली.