दंड परवडतो

कारखान्यांतल्या घातक रसायनांची तपासणी करणं हे तिचं काम. बाटली असो की पिंप, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "लेबल कुठंय?" म्हणून कामगारांनी तिचं नाव लेबलबाई पाडलं होतं. नवऱ्याला ती हसत सांगायची, "नशीब, दंडबाई नाही म्हणत."

जागच्या जागी दंड करायचा अधिकार तिच्या खात्याला दोन वर्षांपूर्वी मिळाला. कोर्ट नाही, तारखा नाहीत. चूक दिसली की पावती फाडायची. तिला वाटलं, आता लोक वठणीवर येतील. बरेचसे आलेही.

नळांना मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्याचा मालक मात्र निगरगट्ट निघाला. त्याच्या मागच्या खोलीत सायनाइडची पिंपं आणि ॲसिडचे कॅन एकमेकांना खेटून असायचे. दोन्ही एकत्र आली तर असा विषारी वायू सुटतो की खोलीतला माणूस जिवंत बाहेर येत नाही. मधे एक भिंत हवी होती, एवढंच. पहिल्या पावतीला मालकानं चहा मागवला. दुसऱ्या वेळी पाकीट आधीच काढून ठेवलं होतं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "बाई, भिंत बांधायची तर महिनाभर काम बंद. त्यापेक्षा तुमचा दंड परवडतो."

ती निघाली तेव्हा मुलाम्याच्या हौदावरचा जुना कारागीर तिच्यामागे दारापर्यंत आला.

"बाई, दंड नको," तो हळूच म्हणाला. "कुलूप लावा."

"तुमचा पगार बुडेल."

"बुडू दे."

कुलूप लावायचं म्हणजे साहेबांकडे प्रस्ताव, मग सुनावणी, मग वकील. तिचे आधीचे दोन प्रस्ताव धूळ खात पडले होते. "बघते," ती म्हणाली. पण तिसरा प्रस्ताव तिनं लिहिलाच नाही.

अकराव्या दिवशी दुपारी ॲसिडचा एक कॅन फुटला आणि ॲसिड सायनाइडवर सांडलं. आत झाडत असलेल्या बाईला कारागिरानं बाहेर ढकललं आणि स्वतः उंबऱ्यातच कोसळला. लेबलबाई पोचली तेव्हा त्याच्यावर चादर घातलेली होती.

"तू कशाला घाबरतेस?" साहेब म्हणाले. "तीन पावत्या आहेत. आपण आपलं काम केलंय. चौकशीत तेवढंच बोल."

चौकशीत कारागिराची बायको मागच्या बाकावर बसली होती. लेबलबाईनं पावत्या टेबलावर ठेवल्या.

"मला तिन्ही वेळा धोका दिसला होता," ती म्हणाली. "गेलेल्या कारागिरांनी मला कुलूप लावा म्हणून सांगितलं होतं. मी बघते म्हणाले, आणि काही केलं नाही."

साहेब कागद चाळत राहिले.

बाहेर पडल्यावर ती बायको तिच्यासमोर येऊन थांबली. "घरी सांगायचे, लेबलबाई ऐकून घेते म्हणून." एवढंच बोलून ती जिना उतरली.

मालकावरचा खटला अजून रखडलाय. कारखाना मेहुण्याच्या नावावर पुन्हा सुरू झाला. भिंत चार दिवसांत उभी राहिली. लेबलबाईची वेतनवाढ रोखली गेली. तिनं तक्रार केली नाही.

मागच्या आठवड्यात बॅटरीच्या एका कारखान्यात दाराशीच रचलेल्या ॲसिडच्या पिंपांसाठी तिनं पावती फाडली आणि तिथल्याच स्टुलावर बसली.

"पैसे दिले की, बाई. आता काय राहिलं?" मालक वैतागला.

"पिंपं हलवा. मी बसलेय."

पावणेसातला शेवटचं पिंप हललं. त्या दिवशीच्या यादीतले तीन कारखाने तपासायचे तसेच राहिले.