भरदुपारी घेतलेले रक्त

आधी तारखा आणि जबाबदार माणसे. तारखा सणांवरून देतो. कागदावरच्या तारखा माझ्या वहीत आहेत, परंतु या प्रकरणात कागदावर काय लिहिले गेले ते पुढे येईलच. गावातल्या साक्षीदारांना सण पक्के आठवतात.

आणीबाणी उठली त्या वर्षीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरते ती जत्रा. त्या दिवशी दुपारी आमच्या गावात हत्तीपायाच्या तपासणीसाठी रक्त घेण्यात आले. जबाबदार, रक्त घेणारा आरोग्य कर्मचारी.

त्यानंतरची होळी. तपासणीचा निकाल आला. जबाबदार, कर्मचाऱ्याचे वरिष्ठ अधिकारी, ज्यांनी त्या निकालाखाली सही केली.

त्यापुढच्या तिसऱ्या वर्षीचा पोळा. फेरतपासणीच्या मागणीवर सही करण्यास नकार देण्यात आला. जबाबदार, गावचे सरपंच.

चौथा जबाबदार मी. तपासणी दिवसा व्हावी असा अर्ज माझ्या हस्ताक्षरात होता.

मी त्या काळी लाखांदूरकडच्या एका लहान गावात प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. घरच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, धानाच्या होत्या. त्या माझी पत्नी पाहत असे. गावात कोणाला कसलाही अर्ज करायचा झाला की तो माझ्याकडे येई. रेशनकार्डावरचे चुकलेले वय, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्याचा तंटा, पोस्टमनचे उशिरा येणे, सर्व विषयांवर मी लिहीत असे, आणि प्रत्येक अर्जाखाली कार्बन लावून स्थळप्रत ठेवीत असे. कायद्याच्या भाषेची मला गोडी होती. गोडी हा शब्द सौम्य आहे. तो माझा अहंकार होता.

हत्तीपाय आमच्या जिल्ह्यात कोणाला नवा नव्हता. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, पवनीच्या बाजारात, एसटीच्या फलाटावर, खांबासारखा सुजलेला पाय ओढीत चालणारी माणसे रोज दिसत. पूर्वजन्मीचे पाप, चिखलातले पाणी, कोणाची तरी नजर, अशी त्याची कारणे सांगितली जात. सरकारचे म्हणणे वेगळे होते, आणि ते खरे होते. अंगात दोऱ्यासारख्या कृमी वाढतात, त्यांची पिल्ले रक्तात फिरतात आणि घाण पाण्यावरचा डास ती एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेतो. म्हणून बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, ज्याच्या रक्तात पिल्ले सापडतील त्याला बारा दिवस गोळ्या द्यायच्या आणि गावच्या नाल्यांवर डासांच्या अळ्या मारणारे तेल टाकायचे. योजना इतकी सरळ होती. तिच्यात अट एकच. रक्त रात्रीच घ्यायचे.

ही अट का, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आरोग्य कर्मचारी आधी येऊन एवढेच सांगून गेला की मंडईच्या दिवशी रात्री नऊनंतर सर्वांनी शाळेत जमावे.

गावात गहजब झाला. दिवे लागल्यावर आमच्याकडे सुई घराबाहेर देत नाहीत. शेजारीण मागायला आली तरी बाया म्हणतात, उद्या घेऊन जा. आणि इथे तर परका माणूस रात्री सुई घेऊन येणार आणि ती अंगात टोचणार. माझ्या पत्नीसह दहाबारा बाया शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या.

"गुर्जी, दिवाबत्ती झाल्यावर सुई? काहून, दिवसा त्याईचे डोळे फुटते काय?" एक म्हातारी म्हणाली.

"रक्त काय जुगनू हाये, का रातच्यालेच चमकन?" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मीही हसलो. आणि अंधश्रद्धेशी वाद घालण्याऐवजी मी अर्ज लिहिला. 'ग्रामस्थ महिलांची सोय व प्रचलित लोकभावना विचारात घेता सदर तपासणी दिवसा करण्यात यावी, ही विनंती.' वाक्य मला फार आवडले होते. पत्नीला दोनदा वाचून दाखवले.

मंडईच्या दिवशी कर्मचारी दुपारच्या एसटीने आला. अर्ज वाचून त्याचा चेहरा उजळला. त्यालाही रात्री शाळेच्या सतरंजीवर निजायचे नव्हते. परतीची गाडी संध्याकाळी होती. दोन तासांत त्याने गाव उरकले. शेवटी त्याने तक्ता माझ्यापुढे सरकवला. गावाचे नाव होते, माणसांची नावे होती, वेळेचा रकाना कोरा होता. खाली लिहिले होते, 'समक्ष'. मी सही केली. जन्मभर लोकांना कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणून बजावणाऱ्या मी ती सही केली, कारण बाहेर दंडारीचा, मंडईतल्या नाच-नाटकाचा, ढोलका वाजू लागला होता आणि मला जायचे होते.

माझ्या साऱ्या अर्जांमध्ये सरकारने तत्काळ कार्यवाही केलेला तो पहिला अर्ज.

होळीच्या सुमारास ग्रामपंचायतीत कागद आला. आमच्या गावापुढे एकच शब्द होता, 'निरंक'. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही, शून्य. नदीपलीकडच्या गावात रक्त रात्री घेतले गेले होते. तिथे बऱ्याच घरांत कृमी सापडल्या. त्यांना गोळ्या मिळाल्या, त्यांच्या नाल्यांवर दर आठवड्याला तेल पडू लागले. आमच्या गावाचे नाव कामाच्या यादीतून निघाले. बाजारात पलीकडचे लोक मला विचारीत, "काय गुर्जी, तुमच्या गावचे मच्छर माळकरी हायेत काय? रक्ताले शिवत नाई मनते." मी अभिमानाने हसत असे. आमचे गाव स्वच्छ आहे, असे मी उत्तर देत असे.

त्यापुढच्या तिसऱ्या पावसाळ्यात, ऐन रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, पत्नीला थंडी वाजून ताप आला. जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ, आले, डावा पाय लाल झाला. ताप उतरला, पाय उतरला नाही. तिने तो लुगड्याच्या निऱ्यांखाली झाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, लावणे संपवले. मला कळले तेव्हा ती बांधावर बसून चिखल धूत होती आणि तिच्या घोट्याचे हाड दिसत नव्हते.

"कायले सांगू जी," ती म्हणाली. "आपलं गाव त निरंक हाये ना."

हे तिने टोमणा म्हणून म्हटले नव्हते. तिचा त्या शब्दावर विश्वास होता. तो विश्वास मीच तिला दिला होता.

मी तिला घेऊन रात्रीच्या दवाखान्यात गेलो. हत्तीपायाचे असे दवाखाने दिवे लागल्यावर उघडत. तिथल्या डॉक्टरांनी पूर्वी तपासणी झाली होती का, असे विचारले. मी रुबाबात सांगितले, झाली होती, दुपारी तीन वाजता, निकाल निरंक. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले.

"गुरुजी, या कृमींची पिल्लं दिवसा आत, फुप्फुसांकडं दडून असतात. डास चावायच्या वेळेला, रात्री, ती कातडीजवळच्या रक्तात येतात. तीन वाजता सगळा जिल्हा तपासला असता तरी सगळा निरंकच निघाला असता."

मी विचारले, त्या वेळी रात्री रक्त घेतले असते तर हिचा पाय वाचला असता का. ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही. मात्र तिच्या आणि शेजारपाजारच्या रक्तातले किडे तेव्हाच कळले असते, गोळ्या मिळाल्या असत्या, डास कमी झाले असते. या उत्तरात जेवढे आहे तेवढेच मी म्हणतो. एक शब्द जास्त म्हणत नाही.

त्यानंतर मी संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव इथे मुद्दाम देत नाही. ज्यांना उत्तर द्यायचे आहे त्यांना ते ठाऊक आहे. मूळ तक्ता काढून दाखवण्याची विनंती केली. वेळेच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिले होते, 'रात्रौ ९.३० ते ११.३०'. खाली माझी सही. माझा अर्ज फाइलमध्ये नव्हता. त्याची स्थळप्रत मात्र माझ्या पिशवीत होती.

तो कर्मचारी मला काही दिवसांनी पवनीच्या एसटी स्टँडवर भेटला. मी त्याला सर्वांदेखत अडवले.

"वेळ तू लिहिलीस की नाही?"

"लिवली जी, गुर्जी. साहेब मनले, दिवसाचं रक्त चालत नाई, कालम भर अन् अर्ज काढून टाक." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पन दिवसा या मनून तुमीच त लिवून देलं. मले वाटलं, गुर्जी शिकले-सवरले हायेत, त्याईले मालूम असन."

त्याच्यावर हात उगारण्याच्या तयारीत असलेला मी बाकावर बसलो. रात्रीच का, हे त्यालाही धड कोणी शिकवलेले नव्हते. साहेबांना ठाऊक होते. ठाऊक असून त्यांनी सही केली.

मी फेरतपासणीची मागणी लिहिली आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सरपंचांकडे नेली. त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"गुर्जी, रागावू नोका. निरंक हाये तेच बरं हाये. पलीकडच्या गावातल्या पोरीईले पाव्हनेच येत नाई आता. पाय पाहू मनते, मंग बाकीचं बोलू मनते. आपल्या पोरीईचे लगन जुळून राहिले, तुमाले काहून खुपते?"

"आणि माझ्या घरात जो पाय आहे तो?"

"वहिनीचं वाईट वाटते जी. पन एका पायासाठी पुऱ्या गावाले बट्टा लावता काय?"

दुसऱ्या दिवशी बैलांच्या मिरवणुकीत त्यांनी पुन्हा नकार दिला, या वेळी चारचौघांसमोर. तेव्हापासून मी एकट्याच्या सहीने लिहितो. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. उत्तरे येतात, आणि प्रत्येक उत्तराचा आशय सारखा असतो. आपले गाव अभिलेखानुसार निरंक असून तपासणी आपल्या समक्ष झालेली आहे. सबब फेरतपासणीचे प्रयोजन दिसून येत नाही. म्हणजे माझ्या तक्रारीविरुद्धचा पुरावा माझीच सही. कायद्याने ते बरोबर आहे. म्हणूनच मला झोप येत नाही.

एके दिवशी पत्नी पाय पाटावर ठेवून बसली होती. तो आता रोज साबणाने धुऊन, पुसून, कोरडा ठेवावा लागे. मी पत्र लिहीत होतो.

"कागद लिवून माझा पाय बारीक होते काय जी?"

"नाही."

"मंग माझ्यासाठी नोका लिवू. या पोरीई हायेत ना, पान्यात उभ्या राहून पऱ्हे लावतेत. त्याईच्यासाठी लिवा. अन् बायाईचं मी पाहतो."

ती दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरली. जो पाय वर्षानुवर्षे लुगड्याखाली झाकला होता, तो तिने प्रत्येक ओसरीवर उघडा करून दाखवला. सुईचा विषय निघाला की ती म्हणे, "दिवे लागल्यावर सुई आली असती त मी आज उभी राहून रोवणी केली असती." हे तिचे म्हणणे डॉक्टरांच्या म्हणण्यापेक्षा अधिक ठाम होते, हे मला ठाऊक होते. मी तिला दुरुस्त केले नाही. ज्या म्हातारीने व्हरांड्यात डोळे फुटण्याचा प्रश्न विचारला होता ती वारली होती. तिच्या सुनेने पहिला अंगठा दिला. गावातल्या जवळपास सर्व घरांतल्या बायांनी रात्री रक्त देण्यास संमती दिली. सरपंचांच्या घरातूनही अंगठा आला. तो कोणाचा, हे मी लिहिणार नाही.

त्या संमतिपत्राला मी माझे प्रतिज्ञापत्र जोडले. तपासणी दिवसा झाली, ती माझ्या अर्जावरून झाली, तक्त्यावर मी कोऱ्या रकान्यासह सही केली, आणि याबद्दल जी शिक्षा कायद्याने होत असेल ती मला मान्य आहे. दिवसाच्या अर्जाची स्थळप्रतही जोडली. उत्तर आठ ओळींचे आले. प्रतिज्ञापत्राचा त्यात उल्लेख नाही. गाव निरंक आहे, असे त्यात पुन्हा आहे.

मी आता निवृत्त झालो आहे. दर पावसाळ्यात पलीकडच्या काठावर नव्याने तपासणी होते. गावात आणखी दोघींच्या घोट्यांची हाडे दिसेनाशी झाली आहेत. एकीचे लग्न मागच्या उन्हाळ्यात झाले.

माझी मागणी एवढीच आहे. ज्या अधिकाऱ्यांनी त्या निकालाखाली सही केली, ते पदावर असोत वा नसोत, त्यांनी आमच्या गावात यावे. बंद खोलीत नको, टपालाने नको. दिवे लागल्यावर, शाळेच्या अंगणात, त्या बायांसमोर उभे राहून त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. रक्त दुपारी घेतलेले आहे, हे तुम्हाला सही करताना माहीत होते की नव्हते? होते, तर तसे मोठ्याने सांगा, आणि त्याच रात्री काचपट्ट्या आणि सुया घेऊन तुमची माणसे बसवा. बाया तयार आहेत. उत्तर द्या.